कॅल्सिडॉन दोघांचेही आहे

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत ख्रिस्ती धर्मातील पंथभेदांवर प्रसिद्ध झालेला लेख मी दोनदा वाचला. ख्रिस्ती ईशज्ञानासारखा अवघड विषय मराठी वृत्तपत्राने इतकी जागा देऊन हाताळावा, याचा मला मनापासून आनंद झाला, आणि म्हणूनच त्यातील तीन विधानांबद्दल गप्प राहणे मला योग्य वाटले नाही. येशू देव की माणूस या प्रश्नावरून कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट वेगळे झाले, हे पहिले विधान. एफिससच्या धर्मपरिषदेने मरियेला देवीचा दर्जा दिला आणि प्रॉटेस्टंटांनी तो काढून घेतला, हे दुसरे. आणि आद्य धर्मपरिषदा हा सगळा रोमचा कारभार असल्याने प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेचा प्रवर्तक मार्टिन ल्यूथर याने त्या एकजात झुगारून दिल्या, हे तिसरे. तिन्ही विधाने चुकीची आहेत. मी स्वतः प्रॉटेस्टंट परंपरेत वाढलो असल्यामुळे ही चूक आमच्याही लोकांच्या तोंडी अनेकदा ऐकली आहे, म्हणून लेखकाला एकट्याला दोष देण्याचा माझा हेतू नाही.

पहिल्या विधानाचे उत्तर कालक्रमातच मिळते. ख्रिस्ताचे देवत्व आणि मनुष्यत्व यांविषयीचा मूळ वाद इसवी सनाच्या चौथ्या आणि पाचव्या शतकांतला आहे. अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरियस याने पुत्र, म्हणजे ख्रिस्त, हा पित्याने निर्माण केलेला आहे, म्हणजे कितीही थोर असला तरी निर्मितीतलाच आहे, असे शिकवले. त्यावर ३२५ मध्ये नायसिया येथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेने पुत्र पित्याशी एकसत्त्व, म्हणजे एकाच सत्त्वाचा, असल्याचे जाहीर केले. अथानासियसने पुढे आयुष्यभर या एका शब्दासाठी हद्दपाऱ्या सोसल्या, त्यामागचा त्याचा विचार साधा होता: जो स्वतःच निर्मितीतला आहे तो निर्मितीला तारू शकत नाही. त्यानंतर अपॉलिनॅरिसने दुसऱ्या टोकाची चूक केली. येशूच्या ठायी मानवी मनाची जागा दैवी शब्दाने (सनातन पुत्राला योहानाने ‘शब्द’ म्हटले आहे) घेतली होती, असे त्याचे म्हणणे होते, आणि ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेने ते फेटाळले, कारण ज्याला माणसाचे मन नाही तो पुरा माणूस नव्हे. मग ४३१ मध्ये एफिससला कॉन्स्टँटिनोपलचा बिशप नेस्टोरियस याचा वाद आला (त्याकडे मरियेच्या संदर्भात पुढे येतो), आणि अखेर ४५१ मध्ये कॅल्सिडॉनच्या परिषदेने आजवर टिकलेले सूत्र मांडले. एकच ख्रिस्त देवत्वाने परिपूर्ण आणि मनुष्यत्वानेही परिपूर्ण आहे, पाप वगळता सर्व बाबतींत आपल्यासारखा आहे, आणि त्याचे दोन स्वभाव मिसळ न होता, पालट न होता, विभागणी न होता व ताटातूट न होता एकाच व्यक्तीत आहेत. या परिषदेनंतर ल्यूथरने आपले प्रबंध मांडेपर्यंत, म्हणजे १५१७ पर्यंत, १०६६ वर्षे गेली. सोळाव्या शतकात पश्चिमेची चर्च दुभंगली तेव्हा हा प्रश्न दोन्ही बाजूंच्या लेखी कधीच निकालात निघालेला होता.

येथे मराठी वाचकासाठी शब्दांविषयी एक खुलासा करतो. ‘स्वभाव’ म्हटले की आपल्याला तापट किंवा शांत स्वभाव आठवतो, आणि ‘व्यक्ती’ म्हटले की समोर दिसणारा माणूस. कॅल्सिडॉनच्या सूत्रात स्वभाव म्हणजे एखादी गोष्ट जी काही आहे ती असण्याचे तत्त्व, आणि व्यक्ती म्हणजे ‘हा कोण’ या प्रश्नाचे उत्तर. येशू कोण, तर पित्याचा सनातन पुत्र. तो काय आहे, तर देव आणि माणूस. ‘अवतार’ हा शब्द जवळचा वाटला तरी पुरा लागू पडत नाही, कारण अवतार संपतो आणि रूप टाकून दिले जाते, तर योहानाच्या शुभवर्तमानात शब्द देही झाला असे म्हटले आहे आणि ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे तो देह पुनरुत्थानानंतरही त्याने टाकलेला नाही. हा शेवटचा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांच्यातील सर्वांत कडवा वाद याच देहाभोवती फिरला.

धर्मसुधारकांनी हे सूत्र नाकारले नाही, याचे पुरावे त्यांच्याच दस्तऐवजांत आहेत. ल्यूथरपंथीयांच्या १५३० च्या ऑग्सबर्ग मतांगीकाराचे, म्हणजे श्रद्धेच्या जाहीर कबुलीचे, पहिले कलम नायसियाच्या परिषदेचा नाव घेऊन स्वीकार करते आणि तिसरे कलम एका व्यक्तीत अविभाज्यपणे जोडलेल्या दोन स्वभावांची कबुली देते. इंग्लंडच्या चर्चच्या एकोणचाळीस कलमांतील दुसरे कलम हेच सांगते. दुसऱ्या बाजूला कॅथलिकांच्या ट्रेंट परिषदेने फेब्रुवारी १५४६ मध्ये प्रॉटेस्टंटांविरुद्धच्या निर्णयांना हात घालण्याआधी आपल्या श्रद्धेचा पाया म्हणून जो मतांगीकार म्हटला, तो नायसिया आणि कॉन्स्टँटिनोपलचाच. म्हणजे भांडणाला बसलेले दोघेही एकाच जोत्यावर बसले होते. याची फार दुःखद साक्ष मायकेल सर्व्हेटसच्या मृत्यूत मिळते. त्रैक्याचा, म्हणजे एकाच देवात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तीन व्यक्ती असल्याचा, सिद्धांत नाकारणाऱ्या या माणसाला फ्रान्समधील व्हिएन येथे कॅथलिकांनी दोषी ठरवून जून १५५३ मध्ये त्याचा पुतळा जाळला, आणि तेथून निसटून तो जिनिव्हात पोहोचला तेव्हा त्याच वर्षीच्या २७ ऑक्टोबरला प्रॉटेस्टंटांनी त्याला जिवंत जाळले. या एकमताचा अभिमान कोणीही बाळगू नये. पण एकमत होते, हे नाकारताही येत नाही.

मग मतभेद कोठे आहे? माझ्या समजुतीप्रमाणे तो दोन ठिकाणी आहे. कॅल्सिडॉन बंधनकारक का, हा एक प्रश्न. आणि कॅल्सिडॉन मानल्यावर पुढे काय काय मानावे लागते, हा दुसरा.

पहिल्या प्रश्नावर कॅथलिक उत्तर असे की सार्वत्रिक परिषद, पोपच्या संमतीने, श्रद्धेच्या बाबतीत व्याख्या करते तेव्हा पवित्र आत्मा तिला चुकू देत नाही. म्हणून ती व्याख्या बंधनकारक. प्रॉटेस्टंट उत्तर असे की परिषदा चुकू शकतात. ल्यूथरने हे १५१९ मध्ये लाइपझिगच्या वादसभेत ‘योहान एक’ या नावाच्या कॅथलिक पंडितासमोर उघड म्हटले आणि एकोणचाळीस कलमांतील एकविसाव्या कलमानेही तेच नोंदवले. कॅल्सिडॉन मानायचे ते पवित्र शास्त्राशी जुळते म्हणून. लेखातील तिसरे विधान येथे फसले आहे. परिषदा चुकू शकतात असे म्हणणे वेगळे आणि सर्व परिषदा चुकल्या असे म्हणणे वेगळे. ल्यूथरने १५३९ मध्ये परिषदांवर सविस्तर ग्रंथ लिहिला आणि पहिल्या चार परिषदांनी नवे काही निर्माण केले नाही, तर प्रेषितांपासून चालत आलेल्या श्रद्धेचे रक्षण केले, असे त्यात दाखवले. दुसरा मोठा धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिन यानेही या चार परिषदांचा आदराने स्वीकार केला.

आता ‘रोमचा कारभार’ या शब्दांविषयी. नायसियाची परिषद सम्राट कॉन्स्टंटाइनने बोलावली होती. रोमचे बिशप सिल्व्हेस्टर स्वतः गेले नव्हते, त्यांनी दोन धर्मगुरू पाठवले होते. ३८१ च्या परिषदेला रोमचे प्रतिनिधीही नव्हते. कॅल्सिडॉनला मात्र रोमचे वजन खरोखर मोठे होते. पोप लिओ यांनी ४४९ मध्ये ख्रिस्ताच्या दोन स्वभावांविषयी लिहिलेले पत्र तेथे वाचले गेले आणि लिओंच्या मुखाने प्रेषित पेत्र बोलला आहे, अशा घोषणा बिशपांनी दिल्या. कॅथलिक लेखक ही घोषणा नेहमी उद्धृत करतात आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच परिषदेत इलिरिकम आणि पॅलेस्टाइनकडच्या बिशपांनी लिओंच्या पत्रातील काही वाक्यांवर शंका घेतली, अलेक्झांड्रियाचा बिशप सिरिल (एफिससला नेस्टोरियसचा मुख्य विरोधक) याच्या लिखाणाशी ते पत्र ताडून पाहायला त्यांना काही दिवस देण्यात आले, आणि खात्री पटल्यावर त्यांनी संमती दिली, हेही तितकेच खरे आहे. शिवाय परिषदेने कॉन्स्टँटिनोपलचा मान वाढवणारा जो अठ्ठाविसावा नियम केला, तो लिओंनी मान्य केला नाही. एकाच परिषदेच्या इतिवृत्तात दोन्ही पक्षांना आपापला पुरावा सापडतो, हे मला फार बोलके वाटते.

येथे आम्हा प्रॉटेस्टंटांची एक अडचण आहे आणि ती मोकळेपणाने सांगितली पाहिजे. नायसियाचा ‘एकसत्त्व’ हा शब्द बायबलमध्ये नाही. शास्त्रातच असलेले शब्द वापरा, असा आग्रह त्या काळी धरणाऱ्यांत एरियसचे समर्थकही होते. अथानासियसला उत्तर द्यावे लागले की शब्द शास्त्रात नसला तरी अर्थ शास्त्रातला आहे. तेच पुन्हा सोळाव्या आणि सतराव्या शतकांत घडले. पोलंडमधील सोसिनियन पंथाने १६०५ च्या आपल्या प्रश्नोत्तरीत, केवळ शास्त्र हे प्रॉटेस्टंटांचेच तत्त्व हाती घेऊन, ख्रिस्ताचे सनातन देवत्व नाकारले. त्यांना उत्तर देताना प्रॉटेस्टंट पंडितांना शास्त्रवचनांबरोबर प्राचीन चर्चने ती वचने कशी वाचली, याचाही आधार घ्यावा लागला. परंपरेचा हात न धरता नायसियापर्यंत चालत जाता येते, असे मला तरी वाटत नाही. जॉन हेन्री न्यूमन हे अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचे, असताना, १८३९ च्या उन्हाळ्यात, कॅल्सिडॉननंतरच्या वादांचा अभ्यास करत होते. त्या इतिहासाच्या आरशात आपला चेहरा आपल्याला पाखंडी पक्षात दिसला, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले, आणि १८४५ मध्ये ते कॅथलिक झाले.

पण अडचण एकट्या प्रॉटेस्टंटांची नाही. ख्रिस्ताला मानवी इच्छाशक्ती वेगळी होती की नाही, हा कॅल्सिडॉनमधूनच निघालेला प्रश्न ६८०–६८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेने सोडवला: दैवी आणि मानवी अशा दोन इच्छा, आणि मानवी इच्छा दैवी इच्छेला मनापासून अनुसरणारी. ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ या गेथशेमाने बागेतील येशूच्या प्रार्थनेचा अर्थ यामुळे शाबूत राहिला. या मतासाठी ‘कबुलीदार’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मॅक्सिमस या संन्याशाची जीभ आणि उजवा हात कापण्यात आले होते, आणि पोप मार्टिन पहिले हद्दपारीत वारले होते. मात्र त्याच परिषदेने एकच इच्छा असल्याच्या मताला थारा दिल्याबद्दल मृत पोप होनोरियस यांचा नाव घेऊन धिक्कार केला. पोपच्या प्रमादातीततेचा, म्हणजे श्रद्धेची औपचारिक व्याख्या करताना पोप चुकू शकत नाही हा, सिद्धांत १८७० मध्ये पहिल्या व्हॅटिकन परिषदेपुढे आला तेव्हा बिशप हेफेले यांच्यासारख्या कॅथलिक इतिहासकारांनीच होनोरियस यांचे उदाहरण पुढे केले होते. होनोरियस यांनी ते मत औपचारिक व्याख्या म्हणून शिकवले नव्हते, हे कॅथलिक उत्तर विचारात घेण्यासारखे आहे. तरी प्रश्न सोपा नाही, एवढे मान्य व्हावे.

आता दुसऱ्या विधानाकडे, म्हणजे मरियेकडे येतो. लेखातील या वाक्याने मला सर्वांत अधिक वाईट वाटले. ४३१ मध्ये एफिससला जो शब्द मान्य झाला त्याचा अर्थ ‘जिने देवाला जन्म दिला ती’ असा आहे. नेस्टोरियसला हा शब्द नको होता. ‘ख्रिस्ताला जन्म देणारी’ म्हणावे, असे तो सुचवत होता. सिरिलचा मुद्दा मरियेच्या थोरवीचा नव्हता. आई स्वभावाला जन्म देत नाही, व्यक्तीला देते. मरियेच्या पोटी आलेली व्यक्ती जर पित्याचा सनातन पुत्र असेल, तर तिला देवमाता म्हणावेच लागते, आणि तसे म्हणायला कचरणारा येशूचे दोन तुकडे करतो, हा त्याचा युक्तिवाद होता. पदवी मरियेची, पण सिद्धांत ख्रिस्ताविषयीचा. ल्यूथरला हे उत्तम समजले होते. देवमाता ही पदवी त्याने कधी सोडली नाही, आणि १५३९ च्या ग्रंथात नेस्टोरियसची चूक नेमकी कोणती, हे सांगताना त्याने म्हटले की तो ख्रिस्ताला देव मानत होता, माणूसही मानत होता, पण माणसाविषयी जे म्हणतो ते देवाविषयी म्हणायला धजत नव्हता. कॅल्व्हिनने एक व्यक्ती हा सिद्धांत पूर्णपणे मानला, तरी ही पदवी उपदेशात वापरणे त्याला पसंत नव्हते, कारण लोकांच्या भाबडेपणाला त्यातून खतपाणी मिळेल, अशी त्याला भीती वाटे. आजचे बहुतेक प्रॉटेस्टंट ल्यूथरपेक्षा कॅल्व्हिनच्या या धास्तीत वाढतात, आणि ‘देवमाता’ हा शब्द कानी पडताच मूर्तिपूजेचा वास येतो असे म्हणतात. आमच्याच आद्य गुरूंनी जो शब्द मान्य केला तो आम्ही परका मानावा, हे अज्ञान आहे, आणि ते आमचे आहे.

खरा मतभेद एफिससनंतरच्या गोष्टींवर आहे. मरियेचा गर्भसंभव मूळ पापापासून मुक्त होता, हा सिद्धांत पोप पायस नववे यांनी १८५४ मध्ये, आणि तिचे सदेह स्वर्गारोहण हा सिद्धांत पोप पायस बारावे यांनी १९५० मध्ये जाहीर केला. प्रॉटेस्टंट म्हणतात की हे शास्त्रात नाही आणि एफिससच्या निर्णयातूनही निघत नाही. कॅथलिक म्हणतात की चर्चने शतकानुशतके प्रार्थनेत जपलेल्या श्रद्धेला यात शब्द मिळाले. या बाबतीत मी प्रॉटेस्टंट बाजूचाच आहे. तरीही मरियेविषयी स्वतंत्र दस्तऐवज काढावा की चर्चविषयीच्या दस्तऐवजात तिचे प्रकरण घालावे, यावर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत ऑक्टोबर १९६३ मध्ये मतदान झाले तेव्हा १११४ विरुद्ध १०७४ मतांनी दुसरा पर्याय स्वीकारला गेला, आणि त्या प्रकरणात मरियेचे सर्व महत्त्व ख्रिस्ताच्या एकमेव मध्यस्थीवर अवलंबून असल्याचे लिहिले गेले, हे आमच्या लोकांनी वाचायला हवे. चाळीस मतांचा तो फरक कॅथलिक चर्चच्या आतही या विषयावर किती खोल विचार चालतो ते दाखवतो.

देहाच्या प्रश्नाकडे मी येणार होतो. प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीच्या, वेळी ‘हे माझे शरीर आहे’ असे म्हटले जाते. स्वर्गात गेलेला, देह न टाकलेला ख्रिस्त त्या मेजावर कसा उपस्थित असतो? ऑक्टोबर १५२९ मध्ये मारबुर्ग येथे ल्यूथर आणि झुरिकचा धर्मसुधारक हुलड्रिख झ्विंग्ली समोरासमोर बसले तेव्हा ल्यूथरने हे चार शब्द लॅटिनमध्ये मेजावर खडूने लिहून ठेवले होते आणि तो त्यांवरून हलायला तयार नव्हता. पंधरा कलमांपैकी चौदांवर एकमत झाले; पंधराव्यातील या मुद्द्यावर झाले नाही. झ्विंग्लीचा युक्तिवाद कॅल्सिडॉनचाच होता: मानवी शरीर एका वेळी एकाच ठिकाणी असते, ते सर्वत्र आहे म्हटले तर ते मानवी राहत नाही, आणि दोन स्वभावांची मिसळ होते. ल्यूथरचे उत्तरही कॅल्सिडॉनचेच होते: व्यक्ती एक असल्यामुळे दैवी स्वभावाचे गुण मानवी स्वभावाला लाभतात, जेथे देव आहे तेथे ख्रिस्ताचे मनुष्यत्व नाही असे म्हटले तर तुम्ही एका व्यक्तीची फाळणी केली. पुढे ल्यूथरच्या अनुयायांनी १५७७ च्या आपल्या सहमती-दस्तऐवजात हीच भूमिका पक्की केली. झ्विंग्ली आणि कॅल्व्हिन यांच्या वाटेने गेलेल्या सुधारित पंथाच्या १५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीने मात्र सांगितले की देवत्व अमर्याद असल्याने ते धारण केलेल्या मनुष्यत्वाच्या पलीकडेही आहे, आणि तरीही त्या मनुष्यत्वाशी एका व्यक्तीत जोडलेले आहे.

कॅथलिक चर्च या भांडणात कोठे उभी होती, हे पाहण्यासारखे आहे. लेखात या वादाचे दोनच पक्ष गृहीत धरले आहेत, वस्तुतः ते तीन होते. ख्रिस्ताचे शरीर सर्वत्र असते, ही ल्यूथरपंथी कल्पना कॅथलिक पंडितांना मुळीच मान्य नव्हती. कार्डिनल बेलार्माइन यांनी तिच्यावर कडाडून टीका केली, आणि तेवढ्यापुरते ते कॅल्व्हिनच्या शेजारी जाऊन बसले. तरी मेजावरच्या उपस्थितीबाबत कॅथलिक ल्यूथरपेक्षाही ठाम होते. ट्रेंटच्या परिषदेने १५५१ मध्ये सांगितले की ख्रिस्त आपल्या नैसर्गिक रीतीने सदैव पित्याच्या उजवीकडे आहे आणि संस्काराच्या रीतीने अनेक ठिकाणी आपल्याजवळ आहे, आणि या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत. भाकर आणि द्राक्षारस यांचे बाह्य रूप तसेच राहते, त्यांचे सत्त्व पालटते. शरीर पसरत नाही. ही मांडणी मला पटत नाही, तरी ती कॅल्सिडॉनला धरून आहे, हे मला मान्य करावे लागते. ख्रिस्ताच्या मनुष्यत्वाचा खरेपणा राखण्याची जी काळजी कॅल्व्हिनला होती, तीच ट्रेंटलाही होती.

मध्यस्थीच्या प्रश्नावर थोडक्यात लिहितो. देव आणि माणूस यांच्यात ख्रिस्त मध्यस्थ आहे, तो माणूस म्हणून की देव-माणूस म्हणून? थॉमस अ‍ॅक्वायनस यांचे उत्तर माणूस म्हणून असे होते, कारण मध्यस्थ दोन टोकांच्या मधे असतो आणि देव म्हणून पुत्र पित्याहून वेगळ्या टोकाला नाही. कॅल्व्हिनने दोन्ही स्वभावांनिशी असलेली संपूर्ण व्यक्ती मध्यस्थ असल्याचे मानले. फरक बारीक आहे, पण देवाने स्वतः येऊन तारले, या आमच्या गाभ्याच्या श्रद्धेशी तो जोडलेला असल्याने मला कॅल्व्हिनचे उत्तर अधिक समाधान देते. चित्रांच्या बाबतीत ७८७ च्या दुसऱ्या नायसिया परिषदेने असे मानले की शब्द खरोखर देही झाला असल्याने त्याचे चित्र काढता येते. कॅल्व्हिनने हा निर्णय फेटाळला, ल्यूथरने चर्चमधील चित्रे राहू दिली. प्रॉटेस्टंट म्हणून सरसकट एक मत सांगता येत नाही, ते येथेही दिसते.

ज्या एका ठिकाणी प्रॉटेस्टंट वाचन कॅल्सिडॉनच्या अधिक जवळ जाते असे मला प्रामाणिकपणे वाटते, ते म्हणजे येशूचे मानवी ज्ञान. बालक येशू ज्ञानाने वाढत गेला, असे लूक लिहितो. जगाच्या शेवटाचा तो दिवस आणि ती घटका पुत्रालाही ठाऊक नाही, असे मार्क लिहितो. कॅल्व्हिनने ही वचने सरळ घेतली: माणूस म्हणून त्याला ठाऊक नव्हते. मध्ययुगीन कॅथलिक परंपरेने येशूच्या मानवी मनाला गर्भसंभवाच्या क्षणापासून देवाचे पूर्ण दर्शन होते असे मानले, आणि पोप पायस बारावे यांच्या १९४३ च्या परिपत्रकात ते पुन्हा आले. पाप वगळता सर्व बाबतींत आपल्यासारखा, या शब्दांत न जाणणे, शिकणे, विचारणे येत नाही का? कार्ल रानर यांच्यासारख्या विसाव्या शतकातील कॅथलिक ईशज्ञान्यांनीही हा प्रश्न आपल्या चर्चमध्ये नव्याने विचारला, याचा मला आदर वाटतो. ज्या आईने येशूला बोलायला शिकवले तिच्या कुशीत तो खरोखर शिकत होता, हे मानल्याने त्याचे देवत्व कमी होत नाही. देवाने किती खोल येऊन आपले जगणे स्वीकारले, ते कळते.

शेवटी ठप्प्यांविषयी. सोळाव्या शतकापासून कॅथलिक आणि ल्यूथरपंथी सुधारित पंथाला नेस्टोरियसचे वारस म्हणत आले आहेत, सुधारित पंथ ल्यूथरपंथीयांना दोन स्वभावांची सरमिसळ करणाऱ्या युटिकसचे वारस म्हणत आला आहे, आणि आपल्या लेखातही हे दोन्ही ठप्पे जुन्या वादातून उचलून तसेच वापरले आहेत. ज्याचे नाव शिवीसारखे वापरले गेले त्या नेस्टोरियसचा उत्तरायुष्यातील ग्रंथ सिरियाक अनुवादात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सापडला, तेव्हा त्याच्यावर लादलेले मत त्याचे होते का, असा प्रश्न अनेक अभ्यासकांना पडला. ११ नोव्हेंबर १९९४ रोजी पोप जॉन पॉल दुसरे आणि नेस्टोरियन म्हणून हिणवल्या गेलेल्या पूर्वेच्या असिरियन चर्चचे तेव्हाचे प्रमुख मार दिन्खा चौथे यांनी संयुक्त निवेदनावर सही केली. असिरियन चर्च मरियेला आपल्या देवाची आणि तारकाची आई असलेली ख्रिस्तमाता म्हणते, कॅथलिक चर्च देवमाता आणि ख्रिस्तमाता दोन्ही म्हणते, आणि दोन्ही संबोधने एकाच श्रद्धेची योग्य अभिव्यक्ती आहेत, असे त्यात मान्य केले गेले. ज्या शब्दावरून ४३१ मध्ये चर्च फुटली त्याच शब्दावर रोमने स्वतः इतकी मोकळी भूमिका घेतली असताना, कॅथलिकांनी कॅल्व्हिनच्या अनुयायांना नेस्टोरियन म्हणत राहण्याचे आणि आमच्या प्रवचनकारांनी कॅथलिकांना मरियेला देवी मानणारे म्हणत राहण्याचे कारण मला दिसत नाही.

संपादक महोदय, माझी विनंती मर्यादित आहे. लेखातील उल्लेख केलेल्या तीन विधानांची दुरुस्ती पुढील अंकात छापावी, विशेषतः एफिसस आणि मरिया यांविषयीच्या वाक्याची, कारण ते वाचून दुखावलेले कॅथलिक वाचक आपल्याला लिहितीलच असे नाही. आणि या लेखमालेचा पुढचा भाग येणार असेल, तर त्यात कॅल्सिडॉनच्या व्याख्येचा संपूर्ण मराठी अनुवाद द्यावा. तो मजकूर आपल्या अर्ध्या रकान्यात मावेल.

आपला विश्वासू,
एक वाचक